पीस, पाणी आणि वळवणचा महाशीर

टेबलावरचा हा पाण्याचा ग्लास माझ्या घशासाठी नाही. घशासाठी बाटली आणलीय. ग्लास आजच्या विषयासाठी आहे.

माझ्या हातात दोन गळ आहेत. पुढच्या रांगेतल्यांना दिसतील, मागच्यांनी विश्वास ठेवावा. दोन्हींवर रेशमाचा दोरा गुंडाळलाय आणि डोक्याशी एकेका पिसाचे दोन वेढे दिलेत. पहिल्यावर गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस आहे, दुसऱ्यावर गावठी कोंबडीच्या पाठीचं. कोरडे असताना पहिला देखणा दिसतो. ताठ, चकचकीत, चहूकडे काटे फुललेले. दुसरा म्हणजे केरसुणीतून गळून पडलेलं काहीतरी. आता दोन्ही पाण्यात सोडतो. कोंबड्याचं पीस पाण्यातही तसंच ताठ आहे, ब्रशसारखं. कोंबडीचं पीस ओलं होऊन मिटलं. आणि आता ग्लास अगदी जरासा हलवतो. बघा, तंतू उघडले, मिटले, परत उघडले. गळ जागचा हललाही नाही, पण त्यावर काहीतरी श्वास घेतंय असं वाटतं.

या दुसऱ्या प्रकाराला सॉफ्ट हॅकल म्हणतात. हॅकल म्हणजे मुळात पक्ष्याच्या मानेवरचं पीस. गळाभोवती गुंडाळतात त्या कुठल्याही पिसाला पुढे तेच नाव पडलं. आणि असं पीस-दोरा बांधून जी नकली माशी तयार होते ती फ्लाय. मराठीत ही मोठी सोय आहे, माशाला फसवायला माशी.

आजचं व्याख्यान मासेमारी शिकवायला नाही, इतिहासाचं आहे. पण हे पीस का निवडायचं आणि ते का नाही, हा प्रश्न माणसांनी गेली अठराशे वर्षं तरी सोडवलाय, आणि त्या गोष्टीत मावळ आणि लोणावळा दोनदा येतात. एकदा पक्ष्यामुळे, एकदा माशामुळे.

सुरुवात लांबून करू. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात एलियन नावाचा रोमन लेखक होऊन गेला. ग्रीक भाषेत लिहायचा. प्राण्यांच्या गोष्टींचं त्याचं मोठं पुस्तक आहे. त्यात मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे लोक ठिपक्यांचे मासे कसे पकडतात ते त्यानं लिहिलंय. तिथले मासे पाण्यावर बसणारी एक माशी खातात. मग तीच माशी गळाला का लावत नाहीत? तर माणसाचा हात लागला की तिचा रंग जातो, पंख झडतात आणि मासे तिला तोंड लावत नाहीत. म्हणून ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गलोलीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधतात. म्हणजे लिखित स्वरूपात सापडणारी ही पहिलीच फ्लाय, आणि ती बनवण्यामागचं कारण काय? खरी माशी हातात टिकत नाही. मला हे कारण फार आवडतं. ती कारागिराची अडचण आहे, कुणाची हौस नाही.

नंतर १४९६ साली इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर एक छोटं पुस्तक छापलं गेलं, त्यात बारा माश्यांच्या कृती आहेत. कुठल्या महिन्यात कुठली लोकर, कुठलं पीस. तिथून पुढे साडेतीनशे वर्षं इंग्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांमध्ये हे ज्ञान वहीत आणि बोटांत राहिलं. उत्तर इंग्लंडच्या डोंगरी नद्या आपल्या घाटातल्या ओढ्यांसारख्या, उथळ, दगडाळ, खळाळत्या. तिथल्या लोकांनी रानातल्या छोट्या पक्ष्यांची मऊ पिसं वापरली. तित्तिराची, पाणलाव्याची, पाणकोंबडीची, मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगची. दोऱ्याचं बारीक अंग, डोक्याशी पिसाचे एक-दोन वेढे, बास. या माश्यांना ते स्पायडर म्हणत. म्हणजे कोळी. आता कोळी काही नदीत पोहत नाही, पण पाय मात्र तसेच दिसतात.

१८५७ साली स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टनं ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या तीन स्पायडर प्रसिद्ध आहेत, काळी, तांबडी आणि राखाडी. फक्त तीन. त्या काळी लोक डबे भरभरून माश्या बाळगायचे. स्टुअर्टचं म्हणणं थोडक्यात असं, की माशी हुबेहूब दिसण्याची चिंता करू नका, ती पाण्यात जिवंत वाटतेय का ते बघा. आणि त्यासाठी पीस मऊच हवं, कारण ताठ पीस प्रवाहाला दाद देत नाही.

यामागचं शास्त्र सोपं आहे. दगडाखाली राहणारे पाण्यातले किडे मोठे झाले की पाण्यातून वर यायला निघतात. तुमच्या घरी पावसाळ्यात दिव्याभोवती येणारी, शेपटीला दोन-तीन लांब केस असलेली नाजूक मेफ्लाय आठवा. तिचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली जातं, पंखांचं आयुष्य फक्त शेवटचे काही तास किंवा एखाद-दोन दिवस. तळापासून वर येतानाचा प्रवास तिच्यासाठी सगळ्यांत धोक्याचा. पाय वळवळतायत, कात सुटतेय, आणि मासा नेमका तिथंच टपून बसलेला. त्या क्षणी माशाला रंगाचे बारकावे बघायला सवड नसते. त्याला वळवळ दिसते. मऊ पिसाचा एकेक तंतू त्या वळवळीची नक्कल करतो, आणि तंतूंमध्ये अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे उरलेलं काम करतात.

मग कोंबड्याचं ताठ पीस चुकीचं का? अजिबात नाही. ते पाण्यावर तरंगतं. पृष्ठभागावर बसलेली माशी दाखवायची असेल तर तेच हवं. दक्षिण इंग्लंडच्या संथ, काचेसारख्या नद्यांवर १८८६ साली हॅलफर्डनं तरंगत्या माशीचं पुस्तक लिहिलं आणि काही वर्षांत तिथं जणू धर्मच झाला, की सभ्य माणूस फक्त तरंगती माशी टाकतो. मग १९१० साली स्क्यूज नावाच्या वकिलानं, म्हणजे सॉलिसिटरनं, त्याच नद्यांवर बुडणारी माशी टाकून दाखवली आणि भांडण पेटलं. ते भांडण बरीच वर्षं चाललं. मी त्यात जात नाही, आपल्या साहित्य संमेलनाची आठवण येईल.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की दोन्ही बाजू आपापल्या पाण्यावर बरोबर होत्या. गडबड झाली ती एका पाण्याचा नियम दुसऱ्या पाण्याला लावल्यावर.

आता पक्षी. लोहगड-विसापूरच्या जंगलात पहाटे गेलेल्यांनी रानकोंबड्याची बांग ऐकली असेल. घरच्या कोंबड्यापेक्षा तुटक, शेवटी गिळल्यासारखी. हा राखी रानकोंबडा. दक्षिणेत आणि पश्चिमेत, म्हणजे आपल्या सह्याद्रीत, खास आपला. फ्रेंच प्रवासी सोनेराच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. नराच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे पिवळट-पांढरे टिपके असतात. ते चक्क टणक असतात, नखानं टोचलं तर लाखेसारखे लागतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सॅमन माशाच्या भपकेदार फ्लाय बांधायची लाट आली. सॅमन समुद्रातून नदीत येतो तो अंडी घालायला, आणि तेव्हा तो जवळजवळ खातच नाही. त्यामुळे नक्कल कशाची करायची हा प्रश्नच नव्हता. मग काय, जगभरच्या साम्राज्यातून पिसं आली. मकाव, टूकन, फेझंट. आणि आपल्या रानकोंबड्याचं टिपक्याचं पीस, जंगल कॉक या नावानं. १८५० च्या सुमाराची ‘जॉक स्कॉट’ ही त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध माशी, तिच्या गालावर हे पीस असतं. १८९५ मध्ये केल्सननं सॅमन फ्लायवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तर या पिसाची रेलचेल आहे.

म्हणजे सह्याद्रीच्या पक्ष्यातून त्यांनी काय उचललं? टणक, चमकदार, न हलणारा टिपका. त्याच पक्ष्याची मादी, साधी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, तिची मऊ पिसं कोणी विचारली नाहीत. आणि ग्लासात आत्ता जे बघितलंत ते काम करतं मऊ पीस. मला यात इंग्रजांचा दुष्टपणा वगैरे दाखवायचा नाही. काचेच्या कपाटात मांडायची माशी आणि माशाला खायला घालायची माशी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढंच.

पिसांचा व्यापार इतका वाढला, त्यात बायकांच्या टोप्यांचा वाटा मोठा, की १९०२ साली हिंदुस्थान सरकारनं जंगली पक्ष्यांची पिसं आणि कातडी देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. चोरटा माल तरी जातच राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानकोंबडा मारणं हाच गुन्हा झाला. पाणलावा, पाणकोंबडी, तित्तिर, हे सगळे मावळातल्या भातखाचरांत आणि माळावर दिसतात, इंग्लिश पुस्तकांतल्या कृती वाचून कोणाला मोह होईल. तो आवरा. त्यांना हात लावायचा नाही.

आणि गरजही नाही. २००८ साली कोंबड्यांच्या जनुकांवर एक संशोधन प्रसिद्ध झालं. घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे जुनंच. पण घरच्या कोंबडीची पिवळी कातडी कुठून आली, तर राखी रानकोंबड्याकडून. म्हणजे पिवळ्या पायांची कोंबडी मावळातल्या एखाद्या परसात दाणे टिपताना दिसली, की तिच्यात आपल्या घाटातल्या पक्ष्याचा थोडा अंश आहे. आमच्या घरी रविवारी कोंबडी शिजते तेव्हा मी आधी पिसांची पिशवी मागून घेतो. घरच्यांना याची सवय झालीय, पाहुण्यांना नाही.

आता मासा.

१८२४ ते १८३१ या काळात विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत हिंडत होता. शेती, लोकसंख्या, हवामान, आणि हौसेनं पक्षी आणि मासे. दख्खनच्या माशांवरचं त्याचं काम १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. त्याची एक गोष्ट मला मोठी वाटते. त्यानं माशांना लॅटिन नावं देताना कोळ्यांच्या तोंडची मराठी नावं तशीच ठेवली. खुद्री, कोलस, सिंघाला, नुकटा, मळ्या, पोटील. आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतो तेव्हा तो मुळा-मुठेच्या काठचा एखादा शब्द उच्चारत असतो. त्या कोळ्याचं नाव मात्र साइक्सनं लिहिलेलं नाही.

टॉर खुद्री म्हणजे आपला दख्खनी महाशीर. मोठे खवले, जाड ओठ, मिशा. हा पावसाळ्यात पाण्याविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या स्वच्छ, वाहत्या जागी अंडी घालतो. आणि त्याच नद्यांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धरणं आली. १९११ साली टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी लोणावळ्याला झाली, १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज गेली. वळवण, लोणावळा, शिरवता ही तळी त्यातून झाली, पुढे आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडी, आणि मुळशी. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी पश्चिमेला कोकणात उतरवलं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर त्याविरुद्ध सत्याग्रह केला, ते तुम्हाला माहीत आहे. माशांनी अर्थातच सत्याग्रह केला नाही. त्यांची वाट भिंतीपाशी संपली.

शिवाय सुरुंग. हे आजचंही आहे. नदीत सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारायला बंदी घालणारा कायदा १८९७ चा आहे. त्यामागे ज्यांनी आवाज उठवला त्यांत दक्षिण कानड्याचा कलेक्टर एच. एस. थॉमस होता. १८७३ साली मंगळूरला ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापणारा तोच. महाशीर फ्लायला तोंड लावतो, हे इंग्रजी वाचकांना ठसवून सांगणारा हा माणूस. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, तरी मी स्वतः एका डोहात उलटे तरंगणारे शेकडो बोटभर मासे पाहिलेत. जिलेटिन लावणाऱ्यांनी मोठे दहा-बारा उचलून नेले होते.

१९७० च्या सुमारास लोणावळ्यात एक वेगळी गोष्ट घडली. मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबर पुढे एस. एन. ओगले, यांनी टाटांच्या वळवण तळ्याकाठी महाशीराची कृत्रिम पैदास करून दाखवली. पावसाळ्यात तळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या पिकलेल्या माद्यांची अंडी हलक्या हातानं काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. साधारण तीन दिवसांत पिल्लं बाहेर. आणि यातला माझा आवडता तपशील असा: १९७९ साली त्यांनी लिहिलं, की महाशीराची फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानानं पाठवता येतात. पाण्याचे पिंप नकोत, ऑक्सिजनच्या पिशव्या नकोत. आपल्याकडे मटकी भिजवून फडक्यात बांधतात, तसं.

लाखो पिल्लं वळवणला तयार झाली आणि देशभर गेली. एकेकाळी धोक्यातला म्हणून नोंदलेला टॉर खुद्री आयूसीएनच्या यादीत आज ‘कमीत कमी चिंता’ या वर्गात आहे. हे यश आहे, आणि ते लोणावळ्याचं आहे.

पण मी इतिहास सांगतोय, म्हणून पुढचंही सांगायला हवं. यातली काही पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला वशिंड असलेला, प्रचंड. थॉमसच्या काळापासून गळवाले ज्याची स्वप्नं बघत तो. आपला खुद्री तिथं फोफावला आणि तो मागे पडला. हे कळलं कसं? गॅलिबोर इथल्या मासेमारी छावणीत पकडून परत सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद होत असे. १९९८ ते २०१२ च्या त्या वह्या शास्त्रज्ञांनी तपासल्या. वशिंडवाले मासे वर्षागणिक कमी होत होते आणि जे मिळत होते ते मोठे होत चालले होते. गळवाल्याला मोठा मासा मिळाला की आनंद होतो, पण शास्त्रज्ञाला त्यात दिसलं की म्हातारेच उरलेत, नवी पिल्लं येतच नाहीयेत. २०१८ साली या माशाला टॉर रेमादेवी हे शास्त्रीय नाव नक्की झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ज्या पाण्यात जो मासा होता तो कोण, हे नीट विचारायच्या आत दुसरा सोडून झाला होता.

मला वाटतं गळाला पीस बांधणाऱ्याची सवय इथं उपयोगी पडली असती. तो आधी पाणी बघतो.

तर शेवटी पुन्हा ग्लासाकडे. एका मित्रानं मला विचारलं होतं, मावळात कुठलं पीस बांधायचं? मी म्हटलं, मावळात म्हणजे कुठल्या पाण्यात? वळवण, पवना, ठोकरवाडी, ही साचलेली पाणी. प्रवाह नाही म्हणजे पिसाला हलवायला तुम्हीच. तिथं सगळ्यांत मऊ पीस, कोंबडीच्या पाठीचं, तंतू गळाच्या वाकापेक्षा थोडे लांब, आणि वेढे दोनच. दोरी बोटभर ओढायची, थांबायचं. ओढलं की मिटतं, थांबलं की उघडतं. जपानी डोंगरातले मासेमार यासाठी पीस उलटं बांधतात, तंतू पुढे, गळाच्या डोळ्याकडे झुकलेले. त्याला ते साकासा केबारी म्हणतात. ओढल्यावर ते मागे झुकतं आणि सोडल्यावर छत्रीसारखं पुढे येतं. साचलेल्या पाण्यात मला ते फार आवडतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात घाटातले ओढे निवळतात पण जोरात असतात, तिथं हेच पीस अंगाला चिकटून बसेल आणि काडीसारखं दिसेल. तिथं थोडं ताठ हवं, कोंबडीच्या मानेचं किंवा तरुण कोंबड्याचं, तंतू आखूड. आणि पिसाच्या मागे लोकरीची बारीकशी गाठ, म्हणजे तंतूंना पाठ टेकायला जागा मिळते आणि ते पूर्ण मिटत नाहीत. ही गाठीची युक्ती अमेरिकेतल्या सिल्व्हेस्टर नेम्सच्या १९७५ च्या पुस्तकात सापडेल. त्याच पुस्तकामुळे विस्मरणात चाललेल्या या जुन्या माश्या पुन्हा चर्चेत आल्या.

रंग? तपकिरी, राखाडी, काळा. तीन. स्टुअर्ट तीनवर थांबला, आपणही थांबू. गळाला काटा नसलेला घ्या, म्हणजे मासा परत सोडताना तोंड फाटत नाही. तळ्यांवर परवानगी विचारल्याशिवाय गळ टाकू नका. आणि जून ते ऑगस्ट ओढ्यांच्या तोंडाशी जाऊच नका, तेव्हा माशांना चढू द्या.

मी सहा गळ बांधून आणलेत. ग्लास इथंच ठेवतो. ज्यांना ओले करून बघायचेत त्यांनी पुढे या, फक्त टोक सांभाळून धरा. मागच्या वेळी एका काकांच्या शालीत अडकला होता, आणि तो सोडवायला व्याख्यानापेक्षा जास्त वेळ लागला.